द्रोणाचार्यांचे चरित्र आणि एकलव्याची नोंद

शिकवणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. गुरू आहे, आचार्य आहे, पंतोजी आहे, मास्तर आहे, तालमीतला वस्ताद आहे आणि शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे असलेले 'सर' आहेत. यांतील प्रत्येक शब्दाभोवती आपल्या आत्मचरित्रांनी, व्यक्तिचित्रांनी आणि कथा-कादंबऱ्यांनी कृतज्ञतेचे, क्वचित धाकाचे, एक वलय निर्माण केले आहे. 'तांत्रिक संचालक' हा शब्द उच्चारला की मात्र वीज कंपनीतील वा साखर कारखान्यातील एखादा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. फुटबॉलच्या जगात हे एक वजनदार पद आहे, हे आपल्या वाङ्मयाच्या गावीही नाही.

प्रशिक्षक आणि तांत्रिक संचालक या दोन पदांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. प्रशिक्षक येत्या रविवारच्या सामन्याचा विचार करतो. आज दहा वर्षांचे असलेले मूल विसाव्या वर्षी कसे खेळेल, याचा विचार तांत्रिक संचालकाने करावयाचा असतो. कोणत्या वयात काय शिकवावे याचा अभ्यासक्रम आखणे, शिकवणाऱ्यांना शिकवणे, गावोगावची मुले हेरण्याची पद्धत बसवणे, आणि एक प्रशिक्षक गेला तरी दुसरा त्याच रुळावरून पुढे जाईल असे पाहणे, हे त्याचे काम. सामन्याच्या दिवशी तो कॅमेऱ्यात दिसत नाही. दिसावयाचाच झाला तर प्रेक्षागारात, मागच्या रांगेत, हातात वही घेऊन बसलेला दिसतो.

आमचे म्हणणे असे की मराठी गद्याला पहिल्या माणसाचे चरित्र लिहिता येते, दुसऱ्याचे येत नाही. ही केवळ क्रीडापत्रकारितेतील उणीव नसून आपल्या चरित्रविषयक कल्पनेचीच ती मर्यादा आहे. आणि तिची किंमत आम्ही राहतो त्या संग्रामपूरसारख्या तालुक्यातील मुलांना मोजावी लागते. हे विधान ज्यांना अतिशयोक्त वाटेल त्यांनी थोडे हॉलंडपासून, म्हणजे नेदरलँड्सपासून, आमच्याबरोबर चालत यावे अशी विनंती आहे.

क्षेत्रफळाने हा देश आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. समुद्रसपाटीखालची जमीन बांध घालून राखायची आणि तिच्यावर शेती करायची, ही तेथील शतकानुशतकांची रीत. असा बांध कोणा एका पुरुषाच्या नावे ओळखला जात नाही. तो पिढ्यानपिढ्या दुरुस्त करावा लागतो. फुटबॉलमध्येही या देशाने असेच काहीसे केले, असे आम्हांला वाटते. १९७४, १९७८ आणि २०१० अशा तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत हा देश हरला. जगज्जेतेपद त्याला एकदाही मिळालेले नाही. तरीही जगाला प्रशिक्षक पुरवणारा देश अशी त्याची ख्याती आहे. रिनुस मिखेल्स यांनी १९६५ ते १९७१ या काळात आयॅक्स हा क्लब घडवला, १९७१ चा युरोपीय चषक जिंकला, १९७४ चा तो प्रसिद्ध डच संघ उभा केला आणि १९८८ मध्ये देशाला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. मधल्या काळात डच महासंघाच्या तांत्रिक संचालकाचे कामही त्यांनी केले. १९९९ मध्ये फिफाने त्यांना शतकातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले. मिखेल्स यांच्या हाताखाली खेळलेले योहान क्रायफ १९८५ मध्ये आयॅक्समध्ये शिकवायला परतले, तेव्हा त्यांच्याजवळ प्रशिक्षकाची रीतसर पदविका नव्हती. म्हणून त्यांना 'तांत्रिक संचालक' हे नाव देण्यात आले. पदविकेच्या अडचणीतून काढलेली ही पळवाट होती खरी. परंतु खेळाचा विचार करणारा माणूस आणि संघ मैदानात उतरवणारा माणूस निरनिराळे असू शकतात, हे तिने सहजच दाखवून दिले.

याच परंपरेतील दोन माणसे भारतात आली. फेयेनूर्ड या मोठ्या डच क्लबाचे एके काळी तांत्रिक संचालक राहिलेले रॉब बान २०११ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक झाले. पुढल्याच वर्षी विम कोव्हरमन्स राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून आले. १९८८ च्या विजेत्या डच चमूत कोव्हरमन्स होते. आणि भारतात येण्यापूर्वीची चार वर्षे त्यांनी आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेत खेळाडूंच्या जडणघडणीची व्यवस्था पाहिली होती. म्हणजे पिंडाने तेही आखणी करणारेच. सप्टेंबर २०१२ मध्ये दिल्लीत कॅमेरूनच्या संघाला पेनल्टींवर हरवून भारताने नेहरू चषक जिंकला, तेव्हा डच पद्धतीचे गोडवे गायले गेले. वर्षभरातच, २०१३ मध्ये, काठमांडूला सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने भारताला दोन गोलांनी हरवले; आणि तीच पद्धत परकी, पुस्तकी, आपल्या मातीला न मानवणारी ठरली. बान २०१३ मध्येच गेले होते. कोव्हरमन्स यांच्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये स्टीफन कॉन्स्टंटाइन आले. मार्च २०१५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानी, म्हणजे तोवरच्या तळाला, पोहोचला. जुलै २०१७ मध्ये तोच देश ९६ व्या स्थानी होता.

आता या आकड्यांची गोष्ट कशी लिहायची? रूढ पद्धतीने लिहिली तर ती दोन वाक्यांत संपते: डच आले आणि बुडवून गेले; इंग्रज आला आणि तारून गेला. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या योजनेचे फळ दोन वर्षांत कोठून दिसणार? बान यांच्या काळात महासंघाने नवी मुंबई, गोवा अशा ठिकाणी मुलांच्या अकादमी उघडल्या. त्या अकादमींत कोण घडले, कोण गळाले, आणि जे गळाले ते का गळाले, याची कथा कोणी लिहिली नाही. पेरणी एकाच्या नावावर आणि सुगी दुसऱ्याच्या नावावर, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी मान्य करणार नाही. क्रीडांगणावर मात्र आपण हा हिशेब निमूटपणे मान्य करतो. डचांची योजना उत्तम होती, असा आमचा दावा नाही. ती उत्तम होती की नव्हती हे ठरवण्यापुरता काळ तिला मिळाला नाही, आणि तिची नोंद ठेवण्याची इच्छा आपल्याला झाली नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी माणसांचा असता तर आम्ही त्याला इतके महत्त्व दिले नसते. आपल्या शेजारी, गोव्यात, पाहू. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबाला २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदे मिळवून दिली. २०११ मध्ये काही काळ ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि २०२४ साठीचा द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. पाच या आकड्याभोवती चरित्र उभे राहते. ते राहावे, याबद्दल दुमत नाही.

आता दुसरे गोवेकर पाहा. डेरिक परेरा हे भारताचे माजी बचावपटू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५ मध्ये फेडरेशन चषक आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली. २०१० मध्ये महिंद्रने आपला संघ बंद केला. परेरा तोवर पुण्यात आले होते. पुणे एफसी या नव्या क्लबाला त्यांनी २०१२-१३ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या स्थानापर्यंत नेले. २०१३ मध्ये ते पुण्याहून गेले आणि त्यांच्या जागी आले माइक स्नोई, हेही डचच. पुढे दोनेक वर्षांत पुणे एफसीचा वरिष्ठ संघ मिटला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटी या क्लबाने घेतली, आणि २०१९ मध्ये तो क्लबही उरला नाही. परेरा दरम्यान एफसी गोवाचे तांत्रिक संचालक झाले. या क्लबाने २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक ऐन हंगामात सोडून गेले, तेव्हा मागच्या रांगेतून उठून पुन्हा रेषेवर येऊन उभे राहिले ते परेराच.

या कारकिर्दीचे चरित्र मराठीत लिहायचे झाले तर लेखकाची पंचाईत होईल. नायक एका गावात टिकत नाही. ज्या संस्थांसाठी तो राबतो त्या त्याच्या मागे नाहीशा होतात. ज्या यशात त्याचा वाटा आहे ते यश दुसऱ्याच्या नावे नोंदले जाते. आणि तरीही काहीतरी उरते. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा पुणे एफसीच्या अकादमीत वाढला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. तो घडला ती संस्था आज नाही, तो आहे. त्याला कोणी एका माणसाने घडवले असे म्हणता येत नाही. त्याला एका व्यवस्थेने घडवले, आणि त्या व्यवस्थेला नाव, चेहरा, छायाचित्र यांपैकी काही नाही. असला नायक आपल्या चरित्रकारांना पेलत नाही.

खालिद जमील यांचे उदाहरण याच सूत्रातले. २००९ पासून सात वर्षे त्यांनी मुंबई एफसी हा बेताच्या पैशाचा क्लब आय-लीगमध्ये टिकवून धरला. 'टिकवून धरणे' या क्रियापदाला क्रीडावाङ्मयात मोल नाही. त्यामुळे त्या सात वर्षांवर कोणी फारसे लिहिले नाही. २०१६ मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. त्या २०१६-१७ च्या हंगामात ऐझॉल विजेता झाला, आणि त्याच हंगामात मुंबई एफसीची पदावनती झाली. एक माणूस उठून गेल्यावर घर कोसळते, तेव्हा आपण त्या माणसाचे माहात्म्य गातो. वस्तुतः त्या वेळी विचारायचा प्रश्न वेगळा असतो: सात वर्षांत त्याच्यामागे काही रचून का ठेवले गेले नाही? ऑगस्ट २०२५ मध्ये जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०११-१२ मधील साव्हियो मदेरा यांच्यानंतर भारतीय माणसाकडे हे पद आले ते तेव्हाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरल्यावर भारताची २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि टीकेची दिशा पुन्हा एका माणसाकडे वळली. वर्तुळ असे पूर्ण होते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे लक्ष आम्ही एका नावाकडे वेधू इच्छितो. आपल्या देशात प्रशिक्षकाला दिल्या जाणाऱ्या सर्वोच्च पुरस्काराचे नाव द्रोणाचार्य. हा पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. अंगठ्याच्या कथेवरून या नावावर आक्षेप घेणे आता नित्याचे झाले आहे. त्यात आम्ही भर घालत नाही. आम्हांला त्या कथेतील दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. द्रोणांच्या विद्येत काही उणे नव्हते. उणीव होती ती प्रवेशात. हस्तिनापुरात कोणाला शिकवायचे याची यादी गुरूने केलेली नव्हती, राजवाड्याने केलेली होती. त्या यादीबाहेर अरण्यात एक मुलगा आहे, तो रोज सराव करतो आहे, आणि त्याच्याजवळ शिक्षकाऐवजी मातीचा पुतळा आहे, ही गोष्ट हस्तिनापुराला योगायोगाने, एका कुत्र्यामुळे, कळते. गुरूची थोरवी अर्जुनाने सिद्ध केली. राज्याची व्यवस्था एकलव्याने उघडी पाडली. अर्जुनाला गुरू हवा असतो. एकलव्याला सर्वांत आधी हवी असते ती त्याची नोंद घेणारी वही. फुटबॉलच्या भाषेत सांगायचे तर प्रशिक्षकाचे यश अर्जुनावरून मोजतात. तांत्रिक संचालकाचे यश राज्यात एकलव्य किती उरले यावरून मोजायला हवे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. व्यवस्था, योजना, अभ्यासक्रम हे शब्द कोरडे आहेत. माणूस माणसाकडून शिकतो, वहीकडून नाही. रमाकांत आचरेकर यांनी यष्टीवर ठेवलेले नाणे हे कोणत्याही योजनेत बसले नसते, आणि त्या नाण्याने जे केले ते कोणत्याही योजनेने केले नसते. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि त्यात भर घालण्याजोगे आमच्याजवळ विदर्भातलेच उदाहरण आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. महासंघाच्या कोणत्याही कागदावर ती मुले नव्हती. त्यांना पाहिले ते एका माणसाच्या डोळ्यांनी. त्या जिव्हाळ्यावाचून व्यवस्था म्हणजे नुसती कचेरी होय, हे आम्ही नाकारत नाही.

परंतु याच उदाहरणाचा पुढचा भाग आमच्या बाजूचा आहे. बारसे एका हिऱ्याच्या शोधात निघाले नव्हते. त्यांनी स्पर्धा भरवल्या, संस्था काढली, मुलांनाच पुढे शिकवणारे केले. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये या कामावरून प्रेरणा घेऊन चित्रपट केला, तेव्हा त्याला गुरूचे नाव दिले नाही; 'झुंड' हे नाव दिले. पडद्यावर अमिताभ बच्चन असतानाही शीर्षक त्या मुलांचे राहिले. मराठी भाषक कलावंताने प्रशिक्षकाच्या कथेतला नायक बदलून पाहिल्याचे हे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. चित्रपटाच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली. चरित्राचा कर्ता एकवचनी असलाच पाहिजे काय, हा जो प्रश्न त्या शीर्षकाने उभा केला, त्याकडे मात्र समीक्षेने पुरेसे पाहिले नाही.

आणि हा विचार आपल्याकडे परदेशातून आणावा लागेल असेही नाही. आमच्याच वऱ्हाडात, अमरावतीस, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळ आणि व्यायाम यांना पद्धतशीर शिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच सुमारास बडोद्याहून करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' निघू लागला. त्याचे दहा खंड झाले. आखाड्यातील वस्तादाच्या मनगटात असलेली विद्या कागदावर उतरवून ती कोणालाही मिळेल अशी करणे, हे त्या कोशामागचे धोरण होते. आजच्या परिभाषेत हे निव्वळ तांत्रिक संचालकाचे काम. आपल्या वाङ्मयेतिहासांत या कोशाला जागा मिळत नाही, कारण तो 'ललित' नाही. आम्हांला वाटते, गद्याचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा ग्रंथांना वगळणे म्हणजे घराचा इतिहास लिहिताना पाया वगळण्यासारखे आहे.

साहित्याच्या क्षेत्रातही हीच दृष्टी आड येते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी 'सत्यकथा'तून लेखकांच्या एका पिढीची तालीम घेतली; हस्तलिखिते परत पाठवली, पुन्हा लिहून घेतली, दुसरा खर्डा मागितला. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले. त्यातून पुढे आलेल्या लेखकांवर प्रबंध झाले, होत आहेत. परंतु संपादनाची ती पद्धत, म्हणजे कोणत्या कथेला काय सुचवले गेले, कोणते सुचवणे चुकले, कोणता लेखक त्या चाळणीमुळे कायमचा बाहेर राहिला, हा अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच घेतला जातो. 'सत्यकथे'वर जो रोष धरला गेला, तोही बाहेर राहिलेल्यांच्याच नावाने. म्हणजे तेथेही प्रश्न यादीचा होता. तांत्रिक संचालकाचे टीकाचरित्र लिहिता आले असते, तर संपादकाचेही लिहिता आले असते. दोन्ही ठिकाणी आपण फळ पाहतो आणि मशागतीला 'पडद्यामागचे हात' असे एक गोंडस नाव देऊन मोकळे होतो.

आता संग्रामपूरकडे. बुलडाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी हा एक; एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. येथे मैदानावर दिसते ती कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट. पहाटे डांबरी रस्त्यांच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. ती खेळाडू होण्यासाठी नव्हे, पोलीस भरतीसाठी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यांतील बहुतेकांना कोणी शिकवत नाही. श्वास कसा घ्यावा, पाऊल कसे टाकावे, नडगी दुखू लागली तर काय करावे, हे ती मोबाईलच्या पडद्यावर पाहून ठरवतात. मातीच्या पुतळ्याची जागा पडद्याने घेतली आहे, एवढाच काय तो काळाचा फरक. त्यांतील एखादी मुलगी उत्तम मध्यम पल्ल्याची धावपटू असू शकेल, एखादा मुलगा पल्लेदार बचावपटू. भरतीच्या यादीत नाव आले की धावणे थांबते. न आले तरी वयाची अट उलटल्यावर थांबते. दोन्ही प्रसंगी कोठे नोंद होत नाही.

येथे एक तारीख आम्ही मुद्दाम आठवतो. १५ सप्टेंबर २०१७. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता. त्यानिमित्त महाराष्ट्र शासनाने 'मिशन वन मिलियन' हा कार्यक्रम आखला आणि एकाच दिवशी राज्यभरातील दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरवले. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. कल्पना सुंदर होती. ज्या पायांनी कधी फुटबॉलला स्पर्श केला नव्हता त्यांना तो झाला, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु तो दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानाचा होता. तांत्रिक संचालकाचा दिवस त्यानंतरचा असतो. १६ सप्टेंबरचे काय? चेंडूतील हवा गेल्यावर ती कोणी भरायची, कोणत्या तासाला खेळायचे, परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देणाऱ्या वेळापत्रकाला कोणी अडवायचे, आणि त्या दहा लाखांतील कोणत्या मुलाचा पाय चेंडूवर सहज बसला हे कोणी लिहून ठेवायचे? १५ सप्टेंबरचे वार्तांकन करायला आपली भाषा समर्थ आहे. १६ सप्टेंबरचे करायला ती अद्याप शिकलेली नाही, आणि जे भाषेत येत नाही ते मागितलेही जात नाही. जिल्ह्याला प्रशिक्षक हवा, ही मागणी अधूनमधून कानी येते. दहा वर्षांची आखणी हवी आणि तिचा वार्षिक लेखाजोखा मराठीत, सर्वांना वाचता येईल असा, प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी आमच्या ऐकिवात नाही.

म्हणूनच हा लेख आम्ही क्रीडाप्रेमींसाठी न लिहिता साहित्याच्या अध्यापकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहोत. आपल्या महाविद्यालयांत चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवला जातो. त्याच्या व्याख्या, लक्षणे, परंपरा यांवर प्रश्न विचारले जातात. त्या विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे. आपापल्या तालुक्यातील एखाद्या निवृत्त क्रीडाशिक्षकाकडे जावे, त्यांची संमती घ्यावी आणि त्यांच्या तीस वर्षांचा वृत्तान्त लिहावा. मात्र त्यात राज्य पातळीवर गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे शेवटी यावीत. आधी यावे ते हे: मैदान कसे मिळवले, दोऱ्या-जाळ्या कोठून आणल्या, मुलींना संध्याकाळी थांबू देण्यासाठी घरोघरी काय सांगितले, कोणते मूल सोडून गेले आणि का, सरांच्या निवृत्तीनंतर त्या मैदानाचे काय झाले. असे दहा वृत्तान्त जमले तर ते या जिल्ह्यातील खेळाचा पहिला प्रामाणिक दस्तऐवज ठरतील, आणि मराठी चरित्राला शिष्याच्या कीर्तीवाचून उभे राहण्याची सवय लागेल.

डच माणसाने आपल्याला बांधाची दुरुस्ती शिकवावी असे नाही. ती आपल्या शेतकऱ्याला येते. मृगाआधी बांध पाहून यावे लागतात, हे त्याला सांगावे लागत नाही. बांध पाहून आलेल्या माणसाविषयी चार पाने लिहिता येणे, एवढेच आपल्याला शिकायचे आहे.